वाट कुणाच्या बापाची?

"कळलं का सूनबाई, थोरल्यानं वाट अडवली!"

जास्वंदीची फुलं काढायला मी कुंपणाशी गेले की पलीकडून नानांची बातमी ठरलेली. नाना तहसील कचेरीतले निवृत्त अव्वल कारकून. कोणाचा फेरफार अडला, कोणाची मोजणी फिसकटली, कोण कोणाचा बांध कोरतोय, हे त्यांना तलाठ्याच्या आधी कळतं.

"कुठली वाट?"

"ओढ्याकाठची, मळ्याकडे जाते ती. परवा रात्री खांब रोवले, तार ताणली, वर बाभळीच्या फांट्या टाकल्या. धाकट्याचा ऊस तोडीला आलाय, टोळी येऊन बसलीय, आणि ट्रॅक्टर जाणार कुठून? थोरला म्हणतो, माझ्या सातबाऱ्यात तुझी वाट दाखव."

"मग दाखवायची."

"असेल तर दाखवेल ना! आज्याच्या वेळची गाडीवाट ती. तेव्हा जमीन एक, चूल एक. वाट लिहून कोण ठेवतो?"

आतून माईंचा आवाज आला. "सकाळी सकाळी लोकांची भांडणं कशाला चघळताय?"

"लोकांची कुठली, भाऊबंदांची आहेत," नाना म्हणाले आणि आवाज जरा खाली आणला. "कालच धाकट्याला अर्ज लिहून दिला. मामलेदार कोर्ट, कलम 5. 1906 चा कायदा."

मला हसूच आलं. "1906? इंग्रज जाऊन इतकी वर्षं झाली आणि आपण अजून त्यांच्याच कायद्यानं ट्रॅक्टर सोडवणार?"

"इंग्रजांच्या राज्यातला आहे, पण विलायतेत शोधलात तर सापडायचा नाही. अहो, कलकत्त्यातही सापडायचा नाही. हा आपल्या मुंबईत शिजलाय, आपल्याच बांधासाठी."

नानांनी झारी खाली ठेवली. झारी खाली ठेवली की समजायचं, आता गोष्ट मुळापासून येणार.

"हे बघा, 1833 साली विलायतच्या पार्लमेंटनं मुंबई आणि मद्रासचे कायदे करायचे अधिकार काढून घेतले. सगळे कायदे गव्हर्नर जनरलनं करायचे. आता तिकडे बसून त्यांना काय कळणार की वतनदार म्हणजे कोण, इनाम म्हणजे काय आणि रत्नागिरीचा खोत कशाला म्हणतात? शेवटी 1861 साली अधिकार परत दिले. 22 जानेवारी 1862 ला मुंबईच्या टाउन हॉलात कौन्सिलची पहिली बैठक भरली. नानासुद्धा होते."

"तुम्ही?"

"मी कसला! नाना शंकरशेट. सरकारनं नेमलेले. निवडणूक वगैरे भानगड तेव्हा नव्हतीच. गव्हर्नर अध्यक्ष, साहेब लोक बहुसंख्य, चारदोन देशी मोठी माणसं. शिवाय केलेल्या कायद्याला गव्हर्नर जनरलची मंजुरी लागायची ती लागायचीच."

"म्हणजे नावालाच."

"नावाला नाही. मर्यादेत. इथले आधीचे जुने कायदे मुंबईला बदलता येत होते. पार्लमेंटच्या कायद्याला मात्र हात लावायचा नाही, आणि गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलनं पुढे केलेल्यालाही नाही. उरलेल्या जागेत काय करायचं ते करा. तर त्या उरलेल्या जागेत यांनी दोनच वर्षांनी, 1864 साली, हा मामलेदार कोर्टाचा कायदा केला. 1876 ला तो पुन्हा लिहिला, 1906 ला पुन्हा. तोच आज चालू आहे."

"पण गरज काय पडली? दिवाणी कोर्टं नव्हती का?"

"होती की. आणि वरचा कायदाही होता. 1859 च्या मुदतीच्या कायद्यात कलम होतं, कोणी तुम्हाला बेकायदा जमिनीवरून हुसकलं तर सहा महिन्यांत दावा करा, मालकी कोणाची ते नंतर बघू, आधी ताबा परत. पुढे 1877 च्या स्पेसिफिक रिलीफ कायद्यात तेच कलम 9 म्हणून आलं. कागदावर उत्तम. पण दावा चालायचा मुन्सफाच्या कोर्टात. तिथे स्टॅम्प आला, वकील आला, तारखा आल्या. तुमची वाट अडली मृगात, निकाल लागणार कधी? पेरणी गेली, काढणी गेली, वरातीमागून घोडं. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात ते काय उगाच?"

"मग मुंबईनं काय केलं?"

"कलमाचा गाभा तसाच ठेवला, निवाडा करणारा माणूस बदलला." नाना खुशीत आले. "सहा महिन्यांची मुदत तीच. मालकी विचारायची नाही, हेही तेच. फक्त न्यायाधीशाच्या जागी मामलेदार, म्हणजे आजचा तहसीलदार. तो पेशवाईपासूनचा. साहेबानं तो तयार केला नाही, असलेलाच ठेवला. त्याला पीक कळतं, पाणी कळतं, गावचा पाटील कुठल्या बाजूला झुकतो तेही कळतं. निकाल दिला की बजावणीला बेलीफ शोधायला नको, पाटील-कुलकर्णी त्याच्याच हाताखाली. कायद्यातच लिहिलंय, गावकामगारांना हुकूम देऊन निकाल अमलात आणावा."

मी म्हटलं, "नाना, मला हे काही फार गोड वाटत नाही. सारा वसूल करणारा तोच, न्याय देणारा तोच. थोरल्यानं तलाठ्याला चहा पाजला की झालं."

"बरोबर बोललात. म्हणून तर त्याच्या हातात फार दिलेलं नाही." नानांनी बोटं मोजायला घेतली. "तो फक्त एवढंच विचारणार की गेल्या सहा महिन्यांत ही वहिवाट तुझी होती का, आणि ती कायदा सोडून मोडली गेली का. होय तर होय, नाही तर नाही. जमीन कोणाची, वाटणी खरी की खोटी, मृत्युपत्र कोणाचं, हे सगळं दिवाणी कोर्टाला मोकळं. मामलेदाराच्या निकालावर अपील नाही, पण कलेक्टर कागद मागवून तपासू शकतो. आणि मनाई हुकूम मोडला तर तिथं 2024 पर्यंत इंग्रजांचा मोठा कायदा कामाला यायचा. पिनल कोडाचं कलम 188."

"म्हणजे मेकॉलेचा?"

"त्याचाच मसुदा. 1860 साली पास झाला, लागू झाला 1 जानेवारी 1862 ला. ज्या महिन्यात मुंबईचं कौन्सिल पहिल्यांदा बसलं, त्याच महिन्यात. साम्राज्याचा दंडुका आणि तालुक्याचा मामलेदार, अशी ती जोडी."

माई ताकाचा पेला घेऊन बाहेर आल्या. नानांनी एका घोटात संपवला आणि मिशा पुसल्या.

"1906 च्या कायद्यात यादी बघा काय काय आहे. शेतीची आणि चराईची जमीन, झाडं, पिकं, मासेमारी, विहिरीचं पाणी, तळ्याचं, पाटाचं. रानातून आपसूक वाहणारं पावसाचं पाणी कोणी बांध घालून तुमच्या पिकात तुंबवलं, तर तेही. आणि वहिवाटीचे रस्ते. ही यादी ज्यानं लिहिली त्याला खेड्यातली माणसं कशावरून डोकी फोडतात ते ठाऊक होतं."

"गव्हर्नर एल्फिन्स्टनसाहेबाचं डोकं असणार."

"तो तर केव्हाच गेला होता. पण वळण त्याचं खरं. त्याच्या 1827 च्या रेग्युलेशनात निवाड्याचा क्रम घालून दिलाय. पार्लमेंटचा कायदा आणि सरकारी रेग्युलेशन पहिलं, ते नसेल तिथे त्या मुलखातली वहिवाट, तीही नसेल तर प्रतिवादीचा धर्मशास्त्रीय कायदा, आणि काहीच नसेल तर न्यायबुद्धी. मुलखाची वहिवाट इतकी वर बसवलेली. आमच्या कचेरीत रस्ता केस आली की मला ते आठवायचं."

"तुम्ही जायचात का जागेवर?"

"साहेबांबरोबर शंभरदा गेलो असेन. तिथं कागदापेक्षा जमीन बोलते." नाना कुंपणाच्या तारेवर हात ठेवून सांगू लागले. "थोरले असले की काय करतात माहीत आहे? वाट अडवली की लगेच नांगर फिरवतात, चाकोऱ्या मोडाव्यात म्हणून. पण वर्षानुवर्षं बैलगाडी गेलेली जमीन दाबून दगड झालेली असते. तिथं नांगर घातला की ढेकळं निघतात एवढी एवढी, आणि शेजारच्या सरीत माती भुसभुशीत. वरून बघितलं तरी पट्टा कळतो. मग ओढ्याशी जायचं. उतारावर गाडी घसरू नये म्हणून कोणीतरी दगड बसवलेले असतात, चाकाखाली झिजलेले. बांधाला खिंड असते, तिच्या कडेला गवत कमी. हे सगळं पंचनाम्यात घ्यायचं, हातनकाशा काढायचा, लगतच्या खातेदारांचे जबाब घ्यायचे. एक म्हातारी बाई एका केसमध्ये म्हणाली होती, माझी वरात या वाटेनं आली, आता हा म्हणतो वाटच नव्हती, मग मी काय उडत आले? साहेबांनी जसंच्या तसं लिहून घेतलं."

मी हसले. माईसुद्धा हसल्या, गोष्ट त्यांची ऐकलेली असूनही.

"आणि अर्ज करायला वकीलच लागतो असं नाही. अर्जात काही राहून गेलं तर मामलेदारानं अर्जदाराला विचारून ते अर्जावर उतरवून घ्यावं, असं कायदाच म्हणतो. त्या काळी सहीऐवजी अंगठा करणाऱ्यांसाठी केवढी सोय ती!"

"म्हणजे मुंबईचं कौन्सिल भलं होतं म्हणायचं."

माई एकदम म्हणाल्या, "कसलं भलं? मोहाचं सांगा की तिला!"

माईंचं माहेर मुरबाडकडचं. नाना जरा चपापले. "ते वेगळं प्रकरण."

"वेगळं कसं? कायदा त्यांचाच ना? आमच्याकडे ठाकरं, कातकरी मोहाची फुलं वेचायची, वाळवायची, पावसाळ्यात पोटाला आधार व्हायचा. दारूही काढायची, नाही कोण म्हणतं? तर सरकारनं फुलंच बंद केली म्हणे. घरात फूल सापडलं की गुन्हा."

"खरंय," नाना म्हणाले. "1878 चा अबकारी कायदा सगळ्या इलाख्याला होता. त्यावर 1892 साली मुंबईनं खास ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांचा कायदा काढला. तिथल्या रानात मोह फार, घरोघर भट्टी, सरकारी दारूचा मक्ता खपेना. मग काय, स्थानिक परिस्थिती बघून कायदा!"

"हीच तर गंमत," मी म्हटलं. "बांधाच्या भांडणातही स्थानिक परिस्थिती आणि मोहाच्या फुलातही. एकीकडे वाट मोकळी, दुसरीकडे टोपली जप्त."

"मुंबईचीही गंमत ऐका मग." नानांनी शिताफीनं विषय बदलला. "मुंबईच्या बाजारात पावसावर सट्टा चालायचा. ठरल्या वेळात पाऊस पडेल की नाही, पडला तर किती, यावर पैसे. जुगाराचा कायदा होता 1887 चा. पोलिसांनी धरलं, तर हायकोर्टानं सांगितलं, हे तुमच्या कायद्यातल्या जुगारात बसत नाही. पत्ते नाहीत, फासे नाहीत, पाऊस काय कोणाच्या हातातलं साधन आहे? झालं, कौन्सिल बसलं आणि 1890 साली पावसावरची पैज कायद्यात घातली. आजही त्या कायद्यात पाऊस आहे, कापसाचा भाव आहे, अफूचा भाव आहे, भावाच्या आकड्यावर लावलेली पैज आहे. बाजारात काय काय चालायचं ते कळायला त्याच्यासारखं पुस्तक नाही."

"आणि आमच्या सासरच्या सातबाऱ्यावर ते 'नवीन शर्त' लिहिलंय, तेही यांचंच का?"

नानांचे डोळे चमकले. कारकुनाला असा प्रश्न म्हणजे सणच. "मूळ तिथेच जातं. 1901 साल. आधी संवत छप्पन्नाचा दुष्काळ पडून गेलेला, सारा थकलेला. सरकारनं जमीन महसूल कायद्यात दुरुस्ती आणली. थकबाकीपायी सरकारजमा झालेली जमीन रयतेला परत द्यायची, पण विकायची नाही, गहाण टाकायची नाही, या शर्तीवर. सरकार म्हणे, सावकारापासून वाचवतो. फिरोजशहा मेहता म्हणाले, आधी रयतेचं म्हणणं तरी ऐका. कोण ऐकतो? मत आपल्या बाजूला पडणार नाही हे दिसल्यावर मेहता उठले आणि सभागृहाबाहेर गेले. त्यांच्याबरोबर गोखले आणि आणखी काही सभासद. कायदा पास झालाच."

"पण सावकारापासून वाचवायचा कायदा आधीच होता ना? शाळेत शिकलो होतो. सुप्याचं बंड."

"शाब्बास! 12 मे 1875, सुपे. कर्जरोखे जाळले लोकांनी. पण तिथे मुंबईची अडचण झाली. करार कायदा 1872 चा, वरच्या कौन्सिलचा, दिवाणी कार्यपद्धतीही त्यांचीच. कायदा म्हणतो, अंगठा केलास ना, मग दे पैसे. ते बदलायचं तर मुंबईच्या हातात नव्हतं. म्हणून 1879 चा दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलला करावा लागला. पुणे, सातारा, सोलापूर, नगर, एवढ्या चार जिल्ह्यांसाठी. न्यायाधीशानं नुसता रोखा बघायचा नाही, पहिल्या दिवसापासूनचा हिशेब उकलायचा. मुद्दल किती, व्याजावर व्याज किती. कर्जासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं बंद. याच कायद्याखाली न्यायमूर्ती रानडे पुढे स्पेशल जज्ज होते."

"म्हणजे बंड झालं तेव्हा वरच्यांना स्थानिक परिस्थिती दिसली."

"आणि मोहाच्या वेळी महसूल बुडाला तेव्हा," माई म्हणाल्या.

नाना गप्प. मग मान हलवून म्हणाले, "तुमच्या दोघींपुढे बोलायची सोय नाही. पण खरं आहे. ज्याची खुर्ची त्याची परिस्थिती. रत्नागिरीसाठी 1880 ला खोती कायदा केला तोही तिथली रूढी बघूनच म्हणे. रूढी कोणी सांगितली? ज्यांना कौन्सिलात बोलता येत होतं त्यांनी. कुळं थोडीच तिथं बसली होती? ती बाजू सभागृहात जोरानं यायला 1937 उजाडलं. डॉ. आंबेडकरांनी खोती बंद करायचं बिल आणलं. तरी प्रत्यक्ष कायदा व्हायला 1949 साल लागलं."

"तर मग बांधाचाच कायदा का टिकला इतका?" मी विचारलं.

नानांनी झारी उचलली. "टिकला, कारण त्यात सरकारला मिळवायचं काही नव्हतं. वाट थोरल्याची की धाकट्याची, साहेबाच्या तिजोरीला काय फरक? म्हणून जी गोष्ट खरोखर घडत होती तीच लिहिली गेली. सरकारचा हात ज्यात गुंतला ते कायदे बघा, कुंपणानंच शेत खाल्लं."

"धाकट्याची वाट सुटेल?"

"सुटावी. खांब ताजे आहेत, चाकोऱ्या दिसतात, लगतचे तिघे खातेदार जबाब द्यायला तयार आहेत. पुन्हा तो अर्ज घेऊन लगेच आला, हे फार बरं झालं. लोक काय करतात, आधी भावकीत बैठक, मग सरपंच, मग पाहुणे मध्यस्थी करतात, मग यात्रेनंतर बघू, आणि माझ्याकडे येतात आठव्या महिन्यात. तेव्हा मामलेदारही हात वर करतो. मग बसा दिवाणीत, किंवा महसूल कायद्याच्या 143 खाली बांधावरून नवा रस्ता मागा. चालू रस्ता अडवला तर कलम 5, रस्ताच नसेल तर 143. लोक नेमकं उलटं करतात."

हे शेवटचं मी मुद्दाम लिहून घेतलं, वाचणाऱ्यांपैकी कोणाचा तरी भाऊबंद तार विकत घ्यायला बाजारात गेला असेल म्हणून. वाट अडवली तर फोटो काढा, तारीख टिपून ठेवा, लगतच्या खातेदारांशी बोला आणि अर्ज तहसीलदारांच्या हातात द्या. बैठका त्यानंतर खुशाल घ्या. सरकारी काम अन् सहा महिने थांब, ही म्हण इथे चालत नाही. इथे सहा महिने थांबलात तर वाट गेलीच समजा.